फोटोवरून क्रॉस स्टिचचा नमुना: रंगांआधी चित्र कमी करा

प्रश्न: आजी-आजोबांचा स्टुडिओत काढलेला जुना कृष्णधवल फोटो आहे. तो क्रॉस स्टिचमध्ये भरून आईला पंचाहत्तरीला द्यायचाय. मोबाइलच्या ॲपमध्ये घातला तर ८४ रंगांचा तक्ता आला आणि त्यात आजोबा ओळखूच येत नाहीत. शिवाय शनिवारवाडा, पैठणीचे मोर असे नमुने करून विकायचाही विचार आहे. त्यासाठी इंटरनेटवरची चित्रं घेतली तर चालतं का? चित्रं कुठून मिळवायची आणि भरण्याजोगी कशी करायची? (कोथरूड, पुणे)

उत्तर:

ताई, ८४ रंग का आले ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघतं. ॲपला आजोबा माहीत नसतात, त्याला फक्त ठिपके दिसतात. ज्या छटांचे ठिपके जास्त, त्यांना ते जास्त रंग वाटून देतं. तुमच्या फोटोत सर्वांत जास्त जागा कशाने व्यापली असेल? स्टुडिओच्या पडद्याने, त्यावरच्या डागांनी आणि पिवळ्या पडलेल्या कागदाने. बहुतेक रंग तिकडेच खर्च होतात आणि डोळ्यांच्या वाट्याला दोन-तीन उरतात. मग आपण आकडा ८४ वरून ३० वर आणतो, तर पडदा होता तसाच राहतो आणि डोळे मात्र आणखी पुसट होतात. म्हणून रंगांना हात लावण्याआधी चित्रच कमी करायचं. काय ठेवायचं, काय टाकायचं हे तुम्ही ठरवा. उरलेली मोजदाद सॉफ्टवेअर करेल.

सुरुवात मूळ फोटोपासून करू. फ्रेममध्ये असेल तर काचेतून बाहेर काढा. कागद काचेला चिकटला असेल तर मात्र ओढू नका, काचेसकटच स्कॅन करा. स्कॅनर घरी असायला हवा असं नाही, अप्पा बळवंत चौकात किंवा कोणत्याही चांगल्या झेरॉक्सच्या दुकानात काम होतं. फक्त तिथे ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, मागा आणि फाइल पीएनजी किंवा टिफमध्ये घ्या. तीन बाय चार इंचांचा छोटा फोटो ६०० डीपीआयला १८०० बाय २४०० पिक्सेलचा होतो, आपल्याला तेवढा भरपूर झाला. फोटो पुस्तकात किंवा वर्तमानपत्रात छापलेला असेल तर स्कॅनमध्ये लहरीसारखी जाळी उमटते. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये 'डीस्क्रीन' असतं, ते चालू करायला सांगा. स्कॅन जमत नसेल तर फोटो खिडकीजवळ टेबलावर सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा, मोबाइल कागदाला अगदी समांतर धरा आणि जवळ जाण्याऐवजी थोडं लांबून दुप्पट झूम करून काढा. फार जवळून काढला की लेन्समुळे चौकटीच्या कडा फुगतात आणि चेहरा ताणला जातो.

फाइल घरी आणताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवून घेऊ नका, डॉक्युमेंट म्हणून घ्या किंवा पेनड्राइव्हवर. फोटो म्हणून पाठवल्यावर फाइल दाबली जाते, आणि दाबलेल्या फाइलमध्ये गडद कडांच्या आजूबाजूला करड्या ठिपक्यांची धूळ बसते. स्क्रीनवर ती दिसत नाही. तक्त्यात मात्र तीच धूळ सुट्ट्या-सुट्ट्या फुल्यांच्या रूपाने उगवते आणि भरताना एकेका फुलीसाठी दोरा बदलावा लागतो.

आणखी एक सांगते, आणि हे कळकळीने सांगते. जुना फोटो एका बोटात लख्ख करून देणारी एआयवाली ॲप आता खूप आहेत. आजी-आजोबांच्या फोटोला ती लावू नका. फोटोत नसलेला तपशील ती कुठून आणणार? हजारो परक्या चेहऱ्यांवरून अंदाज करून ती नवे डोळे आणि नवे दात बसवतात. चित्र देखणं होतं, पण तो माणूस तुमच्या आजोबांचा चुलतभाऊ वाटायला लागतो. तुमच्या आईला ते पहिल्या नजरेत कळेल. डाग, चरे, घडीची रेघ काढायला साधं हीलिंगचं साधन पुरतं. स्नॅपसीडमध्येही ते आहे आणि गिंपमध्येही. गिंप हे चित्र सुधारण्याचं सॉफ्टवेअर संगणकावर फुकट मिळतं, पुढचं मी त्यालाच धरून सांगते.

आता हक्कांचं बोलू, कारण तुम्हाला विकायचंही आहे. आजी-आजोबांच्या फोटोची काळजी नको. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. इंटरनेटवरच्या चित्रांचं तसं नाही. गूगलवर किंवा पिंटरेस्टवर दिसणारं चित्र कुणाचं तरी असतंच, ती ठिकाणं फक्त दाखवण्याची. चित्र आवडलं तर गूगल लेन्सने मूळ जागा शोधा आणि तिथल्या अटी वाचा. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यामुळे त्यांची मूळ चित्रं मोकळी आहेत. तीच सरस्वती आजच्या चित्रकाराने नव्याने रंगवून कॅलेंडरवर छापली असेल तर ती मोकळी नाही. दुसऱ्या कुणी केलेला क्रॉस स्टिचचा तक्ता स्कॅन करून किंवा चार रंग बदलून विकणं तर अजिबात नको. त्यात कुणाचे तरी महिने गेलेले असतात, आणि तुम्ही स्वतः नमुने विकायला लागलात की ते दुखणं तुम्हालाही कळेल.

खुशाल वापरता येतील अशी चित्रं पुष्कळ आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ साली आपल्या हक्कमुक्त कलाकृतींचे फोटो कुणालाही, विक्रीसाठीसुद्धा, खुले केले. स्मिथसोनियनने २०२० साली तेच केलं. क्लीव्हलँड म्युझियमनेही संग्रह खुला केला आहे आणि तिथे भारतीय लघुचित्रं उत्तम आहेत, अकबराच्या काळातला तूतीनामा तिथलाच. या संकेतस्थळांवर शोधताना 'ओपन ॲक्सेस' किंवा 'सीसी झिरो' (म्हणजे हक्क सोडून दिलेले) अशी खूण बघूनच चित्र उतरवा. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक चित्राखाली परवाना लिहिलेला असतो, काहींना छायाचित्रकाराचं नाव देणं बंधनकारक असतं. लघुचित्रं मला फुलीच्या टाक्यासाठी फार आवडतात. सपाट रंग, स्पष्ट कड, सावल्या जवळजवळ नाहीत. रविवर्म्यांच्या छापील चित्रांचंही थोडं तसंच आहे. त्यांचा छापखाना मुंबईतून पुढे आपल्या इथे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. तिथे एकेका रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागे, म्हणजे कोणत्या जागी कोणता रंग हे छापणाऱ्याला हाताने वेगळं काढावं लागे. आपल्याला करायचंय ते नेमकं हेच काम.

शनिवारवाड्याचा फोटो मात्र स्वतः काढा. दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला असतो, त्यामुळे दरवाजा दिवसभर सावलीत आणि मागचं आकाश पांढरंफटक. असा फोटो तक्त्यात काळा ठोकळा होतो. मे-जूनमध्ये सकाळी साडेसात-आठला जा, तेव्हा तिरपं ऊन दर्शनी भिंतीवर येतं आणि बुरुजांची गोलाई एका बाजूच्या उजेडाने दिसते. तेव्हा जमलं नाही तर ढगाळ दिवस पकडा. समोर बाजीरावांचा अश्वारूढ पुतळा येतो, म्हणून आधीच ठरवा: पुतळा हवा की दरवाजा? दोन्ही घेतले तर दोन्ही लहान होतात. दरवाजावरचे अणकुचीदार खिळे एका-एका फुलीने दाखवायचे म्हटलं तर दरवाजा निदान ५० घरं (एक घर म्हणजे तक्त्यातला एक चौकोन, एक फुली) रुंद लागतो. तेवढी जागा नसेल तर खिळे सोडून द्या आणि वरच्या नगारखान्याच्या कमानी जपा, वाडा ओळखू येतो तो त्यांच्यावरून.

पैठणीच्या मोराचा फोटो ॲपमध्ये घालूच नका. विणलेल्या कापडाला स्वतःची चमक आणि घड्या असतात, त्यातून शंभर छटा निघतात. पदर जमिनीवर सपाट पसरून वरून फोटो काढा, तो संगणकावर शेजारी उघडा ठेवा, आणि घरं मोजत नव्याने काढा. बांगडी मोर किंवा आसावली एका बाजूने सारखी असेल तर अर्धीच काढून उलटी चिकटवायची. तेव्हा एकूण घरं विषम ठेवा, म्हणजे मधली रेघ एका घरावर येते. सम ठेवलीत तर मोराची चोच दोन घरं जाड होते. ठिपक्यांची रांगोळी आणि चैत्रांगणातली चिन्हं तर मुळातच मोजणीत बसणारी आहेत. चैत्रांगणातली गाय, तुळस, कासव, सूर्य-चंद्र तुम्ही तुमच्या हाताने घरांवर काढलेत की तो नमुना निखळ तुमचा. राजा केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, कोरीव दरवाजे बघा आणि वहीत रेखाटून आणा. फोटो काढायचा असेल तर तिथे विचारून काढा.

आता आजी-आजोबांकडे परत येऊ. गिंपमध्ये फाइल उघडलीत की पहिलं काम कापण्याचं. स्टुडिओच्या फोटोत माणसं बहुधा पायापर्यंत असतात, खुर्ची असते, फुलदाणी असते. हे सगळं ठेवलं तर चेहरा पंधरा घरांचा होतो, आणि पंधरा घरांत कुणाचेच आजोबा मावत नाहीत. चेहरा ओळखू यायला त्याची रुंदी साधारण ६० घरं हवी, तेव्हा कुठे एका डोळ्याला दहा-बारा घरं मिळतात. म्हणून दोघांना छातीपर्यंत घ्या. १६८ बाय १९६ घरं धरली तर १४ काउंटच्या, म्हणजे इंचाला १४ घरं असलेल्या, कापडावर १२ बाय १४ इंचांचं चित्र होतं आणि फुल्या ३२,९२८. आकडा बघून घाबरू नका, यातला बराच भाग भरायचाच नाहीये.

तो भाग म्हणजे पार्श्वभूमी. दोघांच्या कडेने निवड करून मागचं सगळं एकाच सपाट रंगाने भरा आणि तो रंग म्हणजे कापड समजा. फिकट बदामी रंगाचं कापड घेतलंत तर जुन्या फोटोचा भाव आपोआप येतो आणि फुल्यांचा बराच भार कमी होतो. मग लेव्हल्स उघडा, त्यात चित्रातल्या गडद-फिक्या छटांचा आलेख दिसतो. जुने फोटो फिके पडून सगळे मधल्या करड्यात आलेले असतात. डावं टोक जिथे आलेख सुरू होतो तिथे आणा, उजवं जिथे संपतो तिथे. आजोबांची टोपी खरंच पांढरी आणि आजीचे केस खरंच काळे दिसले पाहिजेत. गालावरची, कपड्यावरची बारीक खरखर घालवायला सिलेक्टिव्ह गॉशन ब्लर थोडासा द्या. तो कडा राखतो आणि सपाट भाग गुळगुळीत करतो. पुढे सुट्ट्या फुल्या येतात त्या याच खरखरीतून, म्हणून ही पायरी टाळू नका.

आता एक चाचणी. चित्र स्क्रीनवर अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा, नाहीतर मोबाइल टेबलावर ठेवून दहा पावलं मागे जा. आजोबा ओळखू येतात का? आईला सोडून घरातल्या कुणाला तरी विचारा. इथे ओळखू आले नाहीत तर फुल्यांमध्येही येणार नाहीत. पुन्हा कापणी आणि लेव्हल्सकडे जा.

ओळखू आले की मग आकार बदला: स्केल इमेजमध्ये रुंदी १६८ पिक्सेल. फोटोसाठी इंटरपोलेशन क्युबिक ठेवा, म्हणजे शेजारच्या ठिपक्यांची सरासरी घेतली जाते. रेघांचं चित्र किंवा आधीच घरांवर काढलेला नमुना असेल तर 'नन' ठेवायचं, नाहीतर कडा धुरकट होतात. आता एक पिक्सेल म्हणजे एक फुली. यापुढे चित्राला ब्रश लावू नका, पेन्सिलचं साधन घ्या. ब्रशच्या कडेला आपोआप फिक्या छटा तयार होतात, पेन्सिल एक घर पूर्ण भरते.

मग रंग. इमेज, मोड, इंडेक्स्ड इथे जा. डिदरिंग 'नन' करायला विसरू नका. डिदरिंग म्हणजे दोन रंगांचे ठिपके मिसळून तिसऱ्याचा भास. छपाईत ते छान दिसतं, सुईवर मात्र नकोसं होतं. पण सगळ्या चित्राला एकदम रंग वाटू नका. दोन्ही चेहरे वेगळ्या फाइलमध्ये काढून त्यांना सात-आठ छटा द्या, कपड्यांना तीन-चार. कृष्णधवल फोटोला एकूण आठ-दहा छटा पुष्कळ होतात. करडा हवा असेल तर डीएमसी या कंपनीच्या दोऱ्यांचे ३१०, ३७९९, ४१३, ३१७, ४१४, ३१८, ४१५, ७६२ आणि पांढरा ही ओळ सलग उतरते. मला स्वतःला अशा फोटोंना तपकिरी आवडतो: ३३७१, ८०१, ४३३, ४३५, ४३७, ७३८, ७३९. माणसांत ऊब येते. या नंबरांचे रंग गिंपमध्ये स्वतःची पॅलेट, म्हणजे रंगांची यादी, म्हणून एकदा साठवून ठेवलेत की इंडेक्स्ड करताना 'कस्टम पॅलेट' निवडायची, मग सॉफ्टवेअर तुमच्या डब्यातल्या दोऱ्यांपलीकडे जातच नाही. पुढे कधी रंगीत फोटो केलात तर लक्षात ठेवा, आपल्या सावळ्या चेहऱ्यांच्या सावलीत सॉफ्टवेअर राखाडी किंवा जांभळट रंग घालतं आणि माणूस आजारी दिसतो. तिथे ६३२, ३७७२, ४०७, ३७७३, ९५० ही ओळ हाताने बसवा.

स्क्रीनवरच्या रंगावर विसंबून लड्या घेऊ नका. तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत गेलात की लड्या क्रमाने हातात धरून दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात बघा. दोन शेजारच्या छटांतला फरक हातभर अंतरावरून दिसत नसेल तर त्यातली एक गाळा. डीएमसीऐवजी अँकर कंपनीचे दोरे घेणार असाल तर दोन्हींचे नंबर वेगळे असतात आणि बदलीचे तक्ते अंदाजेच असतात, म्हणून सबंध ओळ एकाच कंपनीची ठेवा.

यानंतरचं काम कुठलंही ॲप करत नाही आणि सर्वांत जास्त वेळ इथेच द्यायचा असतो. चित्र ८०० टक्के मोठं करा आणि पेन्सिल घेऊन घरोघर फिरा. एकटी पडलेली फुली शेजाऱ्याच्या रंगात घाला. अपवाद फक्त चेहऱ्याचा. डोळ्यातला उजेडाचा ठिपका एकच घर असतो, तो गेला की नजर जाते. वरच्या पापणीची रेघ गडद आणि सलग ठेवा, खालची जवळजवळ सोडून द्या. नाकाची रेघ ओढू नका, एका बाजूची सावली पुरते. आजीचं कुंकू कृष्णधवल फोटोत काळसर ठिपका असतं. त्याला तीन बाय तीन घरं नीट गोल करून द्या, हवं तर कोपरे सोडून. चष्म्याची काडी, नथीची तार, मंगळसूत्र हे फुल्यांत काढायला जाऊ नका, वरून दोऱ्याच्या एका पदराचा बॅकस्टिच, म्हणजे सलग रेघेचा टाका, घाला. नऊवारीच्या काठावरची नक्षी सगळी येणार नाही, दोन गडद रेघा आणि मधे एक फिकी एवढ्यानेही काठ वाटतो.

कापडाचंही बघावं लागेल. आयडा कापड दोन्हीकडून सारखं मोजतं, पण आपल्याकडचं साधं मॅटी कापड दर वेळी तसं असेलच असं नाही. उभे-आडवे चार-चार इंच मोजा. आडवी ५६ घरं आणि उभी ५२ आली तर इंचाला १४ आणि १३ झाली, आणि त्यावर आजोबांचा चेहरा लांबट होईल. मग चित्राचा आकार बदलतानाच १९६ ऐवजी उंची १८२ ठेवा, प्रमाण जोडणारी साखळी सोडवून. स्क्रीनवर चेहरा बसका दिसेल, कापडावर बरोबर येईल. चारही बाजूंना तीन-तीन इंच जास्त धरून कापड १८ बाय २० इंच घ्या. १४ काउंटवर दोन पदरांनी भरताना आठ मीटरच्या एका लडीत साधारण १८०० फुल्या होतात, त्यावरून प्रत्येक रंगाच्या लड्या काढा. गडद तपकिरी एक जास्तच घ्या, पुढच्या लॉटचा रंग कधीकधी किंचित वेगळा निघतो.

चिन्हांचा तक्ता हवा असेल तर ही साफ केलेली १६८ पिक्सेलची फाइल स्टिच फिडलसारख्या तक्ता करून देणाऱ्या संकेतस्थळावर घाला. आकार आणि रंगसंख्या मात्र आपल्याच ठेवा, त्याला पुन्हा ठरवू देऊ नका. छापताना दर दहा घरांनी जाड रेघ आणि मध्याची खूण असू द्या, आणि पान पुरेसं मोठं घ्या. शेजारच्या छटांना एकमेकांसारखी दिसणारी चिन्हं आली असतील तर बदलून घ्या.

सगळ्या लड्या एकदम आणू नका. आधी गडद ते फिकी अशी एकेकच लडी आणा आणि त्याच कापडाच्या तुकड्यावर आजोबांचा उजवा डोळा, भुवई आणि नाकाची सावली एवढाच तीस बाय तीस घरांचा भाग भरून बघा. भिंतीला टाचणीने लावा आणि दोन दिवस येता-जाता बघा. बदल हवासा वाटला तर तो फाइलमध्ये करायला दहा मिनिटं लागतात. त्यानंतर बाकीच्या लड्या घ्या.